किती टनाचा?

आमच्या दौंड-शिरूरकडच्या कुठल्याही गावच्या यात्रेची पत्रिका घ्या. पहाटे देवाला अभिषेक, सकाळी मांडवडहाळे, दुपारी कुस्त्या, रात्री छबिना आणि छबिन्याला लागूनच ‘शोभेचे दारूकाम’. त्यानंतर तमाशा. वर्गणी कमी पडली तर पंच कुस्त्यांच्या इनामात काटछाट करतील, मांडव आखडता घेतील. पण दारूकामाला हात लावायची छाती कोणाची होत नाही. शेजारच्या गावापेक्षा आपलं दारूचं झाड हातभर तरी उंच उडालं पाहिजे, हा जत्रेतला खरा कुलाचार.

आमचे एक मित्र रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले आणि हे झाड आपण स्वतःच करावं असं त्यांच्या मनानं घेतलं. निवृत्त माणसाच्या हाती मोबाइल आला की असं काहीतरी होतंच. अमेरिकेतले हौशी लोक घरामागच्या शेडात हायड्रॉलिक प्रेस उभा करून दारूच्या नळ्या भरताना त्यांनी पाहिले. तिकडे या छंदाला परवाने आहेत, शिस्त आहे, पायरोटेक्निक्स गिल्ड इंटरनॅशनल नावाची १९६९ पासूनची संघटनाही आहे. प्रेस चालवणारा माणूस जाड पारदर्शक ढालीआड उभा असतो. गार्डसाहेबांना ढाल दिसली नाही. त्यांना प्रेस दिसला.

मग निवड सुरू झाली. निवड हाच खरा छंद, पुढचं सगळं निमित्त, असं माझं मत आहे. नवा प्रेस परवडत नाही, जुना पुण्याहून आणायचा तर टेम्पोचं भाडं प्रेसला भारी, म्हणून मधला मार्ग निघाला : भंगारातलं चॅनेल घ्यायचं, वेल्डरकडून चौकट करून घ्यायची आणि ट्रकखाली लावतात तो बाटली जॅक तिच्यात बसवायचा. महिनाभर गार्डसाहेबांच्या तोंडी टनाशिवाय भाषा नव्हती. ‘दहा टनाचा घ्यावा की वीस टनाचा?’ असं त्यांनी शेजारच्या बागायतदाराला विचारलं, तर तो म्हणाला, ‘खोडवा असेल तर काय सांगावं, पाणी किती देता त्यावर आहे.’ दौंड तालुक्यात टन हा शब्द उसासाठी राखून ठेवलेला आहे. दुसऱ्या कामाला वापरायचा तर आधी खुलासा करावा लागतो.

खरी पंचाईत वेल्डरनं केली. त्यानं खडूनं फरशीवर चौकट काढली, उंची विचारली, रुंदी विचारली आणि सहज म्हणाला, ‘साहेब, यात दाबायचंय काय?’ आता दौंड हे राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट नांदणारं गाव. पलीकडे नानवीजला त्यांचं प्रशिक्षण केंद्र. वेल्डरच्या बाकड्यावर चहा पीत बसलेल्या दोघांतला एक तरी खाकीतला असणार, हा इथला साधा हिशोब. ‘बेरिंग,’ गार्डसाहेब म्हणाले.

तसं या हौसेचं घराणं मोठं आहे. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ साली भारतातल्या आतषबाजीचा इतिहास लिहिला. बखरीतला एक प्रसंग त्यात आहे : महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवतात, दारूचीच लंका, दारूचाच हनुमान, आणि तो ती लंका जाळतो. पेशव्यांना राहवलं नाही. त्यांनी तसलाच देखावा पर्वतीच्या पायथ्याशी करवून घेतला. करवून घेतला, हे महत्त्वाचं. स्वतः नळ्या भरायला ते बसले नाहीत.

आपल्याकडे परवान्याशिवाय बसताही येत नाही. १८८४ च्या स्फोटक कायद्यानं शोभेच्या दारूला नायट्रोग्लिसरीनच्या पंगतीला बसवलं आहे, आणि विनापरवाना बनवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. परवान्याचं मुख्य कार्यालय नागपूरला. हिरव्या फटाक्यांचा शोध लावणारी नीरी ही संस्थाही नागपूरलाच. म्हणजे विदर्भात आधीच ऊन कमी होतं! पण हसण्यावारी न्यावं असं हे प्रकरण नाही. २०२३ च्या डिसेंबरात तळवड्याला केकवर लावायच्या इवल्या फुलबाज्यांच्या कारखान्यात आग लागली आणि पोटासाठी तिथं राबणाऱ्या बायका जळून गेल्या. वाढदिवसाची चीज ती, बाँबसुद्धा नव्हे.

गार्डसाहेबांना यातलं काही सांगून उपयोग झाला नसता. कायदा त्यांनाही ठाऊक होता. सगळी नोकरी त्यांनी नियमावलीवर काढलेली. त्यांना थांबवलं वहिनींनी, आणि तेही त्यांच्याच नोकरीतला दाखला देऊन. गार्डाच्या पेटीत लाल-हिरव्या झेंड्यांबरोबर फटाके असतात, सरकारी. गाडी वाटेत अडकली की गार्डानं मागे चालत जायचं आणि ते रुळांवर बसवायचे. मागून येणाऱ्या इंजिनाचं चाक वर चढलं की धडाका होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. ही गोष्ट त्यांनी घरात आल्यागेल्या प्रत्येकाला रंगवून सांगितलेली.

वहिनी शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘अहो, तो तुमचा रुळावरचा फटाका कशानं फुटायचा?’

‘दाबानं. चाकाच्या.’

‘आणि हा प्रेस काय करतो म्हणालात?’

त्यावर गार्डसाहेब बराच वेळ जॅकचं माहितीपत्रक वाचत बसले.

प्रेस मात्र झाला. वेल्डरला आगाऊ रक्कम गेलेली होती आणि ती बुडवणं कुठल्याच नियमावलीत बसत नव्हतं. वीस टनाचा, निळ्या रंगाचा, आणि समोर, वहिनींच्या हट्टानं, जाळीचं दार. थाप पचवायची म्हणून त्यात खरंच बेरिंगं बसतात. बातमी हां हां म्हणता पाटसपर्यंत गेली. मोटर जळाली, पंप अडला की शेतकरी पिशवीत शाफ्ट घालून दारात हजर. मजुरी म्हणाल तर एक चहा, पण त्याआधी कोणत्या जॅकला किती टनाला काय भाव पडतो हे सगळं ऐकून घ्यावं लागतं. परवा एक जण बेरिंग हातात घेऊन मधेच म्हणाला, ‘साहेब, चहा मी पाजतो, पण आधी एवढं दाबा. मोटर बंद आहे, ऊस वाळतोय.’