घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम (ऑनलाइन) सोय

रायगडच्या किनाऱ्यावर, म्हणजे मांडवा-सासवण्यापासून खाली हरिहरेश्वरापर्यंत, ज्यांच्याकडे किमान दोन रिकाम्या खोल्या, एक न्हाणीघर, थोडी सुपारीची वाडी आणि मोबाइल चालवू शकणारी एक सून आहे, अशा सर्व निवासचालकांसाठी प्रस्तुत मार्गदर्शन आहे. सून नसल्यास बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारा भाचा चालेल. मात्र तो जूनमध्ये निघून जातो आणि जाताना पासवर्डही सोबत नेतो, हे आधीच ध्यानात घ्यावे.

आजवर हा धंदा फाटकावरच्या पत्र्याच्या पाटीवर चालला. पाटीवर घराण्याचे आडनाव, फोन नंबर, 'शाकाहारी' किंवा 'ताजी मासळी' आणि खाली एक लाल बाण. या बाणाला आता 'कॉल टू अ‍ॅक्शन' म्हणतात. बाण दाखवतो त्याच दिशेला घर असावे, ही जुनी अट नव्या माध्यमात बरीच शिथिल झालेली आहे.

सुरुवात एसईओपासून करावी. पाहुण्याने मोबाइलमध्ये काहीही शोधले तरी त्याला आपले घर सापडावे, अशी ही तजवीज. तिला कीवर्ड लागतो आणि आपल्या किनाऱ्याला कीवर्ड एकच : अलिबाग. किहीम, आवास, नागाव, आक्षी ही सर्व गावे ऑनलाइन अलिबागच आहेत. तालुका तोच असल्याने यात फारसे खोटेही नाही. काशीद मुरूड तालुक्यात येते, अलिबागहून तीसेक किलोमीटर दूर आहे, तरी तेही 'अलिबाग, काशीद बीचजवळ' असते. श्रीवर्धनला अजून कोणी अलिबाग म्हटल्याचे ऐकिवात नाही. पण तीन सुट्ट्या लागून आल्या की सांगता येत नाही.

या नावाला जी प्रसिद्धी आहे ती 'ब्रँड अवेअरनेस' या सदरात मोडते. ती विकत घ्यायला कंपन्या कोट्यवधी रुपये खर्च करतात. अलिबागला ती 'अलिबागसे आया है क्या' या टोमण्याने फुकट मिळवून दिली. हा टोमणा बंद करावा म्हणून २०१९ साली एक गृहस्थ मुंबई उच्च न्यायालयात गेले. विनोद कोणावर होत नाहीत, मनाला लावून घेऊ नका, अशा आशयाचे सांगून न्यायालयाने याचिका फेटाळली. मार्केटिंगच्या दृष्टीने हा निकाल अलिबागच्याच बाजूने लागला, असे माझे मत आहे.

मग येते प्रॉपर्टीचे वर्णन. समुद्र दिसत असेल तर 'सी व्ह्यू', ऐकू येत असेल तर 'बीच टच', आणि वारा सुटल्यावर वास येत असेल तर 'समुद्रापासून पाच मिनिटे' लिहावे. फोटो शक्यतो २०२० च्या आधीचे टाकावेत. त्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या झोपवल्या, आणि सुपारीचे नवे झाड फळावर यायला सहा-सात वर्षे तरी जातात. त्यामुळे इंटरनेटवर अजून बऱ्याच घरांमागे दाट वाडी आहे, आणि पाहुणा आल्यावर 'फोटोत होती ती बाग कुठे?' असे विचारतो. वाडीचे उत्पन्न बुडाले म्हणून तर खोल्या काढल्या, हे त्याला चेक-इनच्या वेळी सांगत बसू नये.

नकाशावरची टाचणी स्वतः जाऊन तपासावी. मुरूडहून दिवेआगर मोबाइलवर हाकेच्या अंतरावर दिसते. मध्ये राजपुरीची खाडी आहे, ती दोन बोटांनी झूम केल्याशिवाय कळत नाही. आगरदांडा-दिघी फेरीबोटीत गाडी घातली तर प्रश्न नाही. शेवटची बोट चुकली, तर म्हसळ्याकडून खाडीला सगळा वळसा. रात्री साडेदहाला 'काका, मॅप तर इथेच संपतो' असा फोन येतो तो याच धक्क्यावरून. ज्यांनी प्रोफाइलमध्ये शेवटच्या फेरीची वेळ ठळक लिहिली, त्यांना झोप बरी लागते.

फिल्टर ही बाब थोडी सविस्तर घेतो, कारण तिने किनाऱ्याचा भूगोल बदलला आहे. शहरातला पाहुणा घर निवडताना चौकटींत खुणा करतो : एसी, पार्किंग, वायफाय, स्विमिंग पूल. 'समुद्र' अशी ठळक चौकट तिथे नसते. परिणामी, वाडीच्या टोकाला अरबी समुद्र असलेला माणूस मधली दहा झाडे काढून खड्डा खणतो, त्याला निळ्या फरश्या लावतो, आणि विहिरीचे गोडे पाणी पंपाने त्यात सोडतो. पाहुणे सकाळी समुद्रावर जाऊन फोटो काढतात, अंगाला वाळू लागली म्हणून कुरकुरतात, आणि उरलेला दिवस कमरेएवढ्या पुलात बसून काढतात. सदर खड्ड्याची रुंदी किती असावी याबद्दल नियम नाही. उंचावरून फोटो घेण्यासाठी मात्र शेजारी एक चढता येण्याजोगा माड असावा.

आता पैशाकडे येऊ. ओटीए म्हणजे ऑनलाइन ट्रॅव्हल एजन्सी. स्टँडवर उतरलेल्या कुटुंबाला 'रूम पाहिजे का रूम?' म्हणत आपल्या फाटकाशी आणून सोडणारा रिक्षावाला हा तिचा पूर्वज. तोही कमिशन घेत असे, पण आपल्या ओटीवर बसून, चहा पिऊन, आणि पाहुणे कटकटे निघाले तर पुढच्या वेळी स्वतःच खजील होऊन. नवा रिक्षावाला साधारण पंधरा ते पंचवीस टक्के घेतो, चहा पीत नाही आणि फोनवर इंग्रजीत गाणे ऐकवतो. यातल्या एअरबीएनबीचा उगम ऐकण्यासारखा आहे. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन तरुणांनी घरभाडे निघेना म्हणून बाहेरगावच्या तिघांना हवा भरायच्या गाद्यांवर झोपवले आणि पैसे घेतले. नागावात 'एक्स्ट्रा गादीचे दोनशे' ही प्रथा होतीच. फक्त त्यावर कंपनी काढायचे कोणाला सुचले नाही.

ओटीएशी करार करताना 'रेट पॅरिटी' हे कलम चष्मा लावून वाचावे. त्यांच्या अ‍ॅपवर जो भाव, त्याहून कमी भावात तुम्ही दुसरीकडे खोली विकायची नाही, असा त्याचा अर्थ. हे कलम करकचून आवळले की स्वतःच्या घरातली स्वतःची खोली मेव्हण्यालाही स्वस्तात देता येत नाही. असल्या अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी ४८ लाखांचा दंड ठोठावला. त्याच प्रकरणात ओयोला १६८ कोटी ८८ लाखांचा झाला. प्रकरण पुढे अपिलात गेले. मेव्हणा तोवर येऊन राहून गेलेला असतो.

यानंतरचे गणित पाटीवर खडूने सोडवून पाहावे. समजा चार खोल्या, भाडे तीन हजार. शुक्रवार-शनिवार दोन्ही रात्री सगळ्या भरल्या, बाकी आठवडा कुत्रे फिरकले नाही. आठवड्याला खोली-रात्री २८, त्यातल्या भरल्या ८ : ही ऑक्युपन्सी, साडेअठ्ठावीस टक्के. भरलेल्या खोलीमागे सरासरी मिळाले ३,००० : हा एडीआर, आणि चारचौघांत सांगायचा आकडा हाच. एकूण २४,००० ला २८ ने भागले की ८५७ रुपये : हा रेव्हपार, तो घरातही मोठ्याने बोलू नये. यावर अठरा टक्के कमिशन धरले तर ४,३२० रुपये गेले. आता विचारा की ते कशाचे गेले. शनिवारचे! गेटवेहून मांडव्याला लाँच, मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट माणसे आणणारी रो-रो, मुंबई दीड तासावर : शनिवार फाटकावरच्या पाटीवरही भरला असता. सगळी अल्गोरिदम, सगळ्या जाहिराती आणि 'फक्त १ खोली शिल्लक!' ही लाल अक्षरे मिळून तुम्हाला शनिवार विकून देतात. मंगळवार विकून देणारे अ‍ॅप मी अजून पाहिलेले नाही.

मंगळवार हा मुळातच अवघड माल आहे. शाळा चालू, ऑफिस चालू. त्यातून मुंबईतल्या निम्म्या घरांत मंगळवारी मासे चालत नाहीत. समुद्राकाठी येऊन पापलेटाकडे पाठ करून वरण-भात जेवायचा, तर मग डोंबिवलीत काय वाईट होते? यावर तज्ज्ञ 'डायनॅमिक प्रायसिंग' सुचवतात, म्हणजे मागणीप्रमाणे भाव वर-खाली. हे तत्त्व रेवदंड्याच्या बाजारात टोपली घेऊन बसलेल्या कोळणीला कोणी शिकवावे लागले नाही. सकाळी सुरमईला हात लावू न देणारी मावशी उन्हे चढल्यावर स्वतः हाक मारते. पण सुरमईला गिऱ्हाईक मिळते. मंगळवारची खोली आठशेला काढली तरी मंगळवार तो मंगळवारच. फार तर आपला शनिवारचा पाहुणा ते आठशे पाहून ठेवतो आणि आयुष्यभर आपल्याला लुटारू समजतो.

इम्प्रेशन, क्लिक, कन्व्हर्जन यांवर फार वेळ घालवू नये. हजार जणांना जाहिरात दिसली, तीस जणांनी दाबली, एकाने फोन करून 'एसी आहे का, कुत्रा चालेल का, सहा जणांत दोन खोल्या होतील का' विचारले आणि शेवटी मित्राच्या फार्महाउसवर गेला. पैसे मात्र दाबणाऱ्या तिसांचे कापले जातात. रीटार्गेटिंग म्हणजे एकदा सहज काशीद शोधले की पुढे पंधरा दिवस काशीद त्या माणसाच्या मागे लागते. पंचांग उघडले तरी कोपऱ्यात काशीद.

इन्फ्लुएन्सर ओळखण्याची खूण अशी : तो भाडे विचारत नाही. 'हाय डिअर, तुमची प्रॉपर्टी खूप एस्थेटिक आहे, कोलॅब करू या?' असा मेसेज येतो. कोलॅब म्हणजे दोन रात्री, चार माणसे (पैकी एक फक्त ड्रोन धरतो), तिन्ही वेळचे जेवण, आणि बदल्यात एक रील. रीलमध्ये झोपाळा असतो, सोलकढी उंचावरून ओतली जाते, सूर्य बुडतो आणि गावाचे नाव राहून जाते. खाली इंदूर आणि नागपूरहून 'लोकेशन प्लीज' अशा दोनशे विनवण्या. यांना नाही म्हणू नये. फक्त शनिवार मागितला तर गोड बोलून मंगळवार द्यावा.

रिव्ह्यू हा मात्र खरोखर जपण्याचा प्रांत आहे. आपल्या किनाऱ्यावरचा ठरलेला रिव्ह्यू असा : 'जेवण छान. काकूंचा स्वभाव चांगला. पण दुपारी समुद्राला पाणी नव्हते.' तीन तारे. याला चोवीस तासांत नम्र उत्तर जावे : 'सूचनेबद्दल आभारी आहोत. पाण्याच्या वेळेत सुधारणा करण्याचा प्रयत्न चालू आहे.' त्याहून बरे म्हणजे पाहुणा निघण्याआधीच त्याला भरतीची वेळ कळवावी. हिशेब आजोबांना पाठ होता : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराचे पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि सकाळी नऊच्या आगेमागे ओहोटी. कुलाबा किल्ल्यात चालत जायचे तर तीच वेळ, आणि पाणी चढायच्या आत परतायचे. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ओहोटी पुरती उघडत नाही. हे रोज सकाळी स्टेटसला टाकले की त्याला 'कंटेंट मार्केटिंग' म्हणतात. खर्च शून्य, आणि आकाशातला चंद्र रेट पॅरिटी मागत नाही.

मंगळवार खपल्याचे एकच उदाहरण मला ठाऊक आहे, तेही दिवेआगरचे. नोव्हेंबर १९९७ मध्ये तिथल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. दर्शनाला गाड्या लागल्या, घराघरांतून राहण्या-जेवणाच्या पाट्या बाहेर आल्या, आणि संकष्टी, त्यातून अंगारकी, म्हणजे मंगळवारची संकष्टी, हा या गावाचा शनिवार झाला. मार्च २०१२ मध्ये देवळावर दरोडा पडला, दोन पहारेकरी मारले गेले, मुखवटा वितळवला गेला. गाड्या ओसरल्या. नवा मुखवटा बसला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये, अंगारकीलाच. याला कोणते इंग्रजी नाव द्यावे, हे मला कुठल्या वेबिनारमध्ये सापडलेले नाही.

तेव्हा कालनिर्णय भिंतीवरून उतरवावे आणि वर्षातल्या दोन-तीन अंगारक्यांवर लाल पेनाने गोल करावेत. आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा नंबर निघतानाच वहीत उतरवून घ्यावा. अ‍ॅपला पाहुणा आपला वाटतो, पण तुमच्या ओटीवर चपला घालताना तो तुमचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेला मेसेज समोरच्याने आपला नंबर सेव्ह केला असेल तरच पोहोचतो. म्हणून त्याच्याच हाताने, आपल्यासमोर, 'दिवेआगर काकू' असा सेव्ह करून घ्यावा. 'होमस्टे २' म्हणून केला तर तो पुन्हा सापडत नाही. अंगारकीच्या आठ दिवस आधी दोन ओळी पाठवाव्यात : खोली आहे, उकडीचे मोदक आहेत. मोदकांची ऑर्डर आदल्या रात्री आठपर्यंत फोनवरच घ्यावी, कारण अ‍ॅपवर 'ब्रेकफास्ट इन्क्लुडेड' एवढी एकच चौकट आहे आणि पिठी सकाळी ऐनवेळी दळून मिळत नाही. माणशी पाच धरावेत. 'आम्ही दोन-दोनच खाऊ हो' असे फोनवर सांगणाऱ्यांसाठी सात.