कुंपणावरचं तिकीटवाटप

आमच्या आणि नानांच्या बंगल्यामध्ये जेमतेम छातीएवढं कुंपण आहे. खाली विटांचे चार थर, वर तारेची जाळी आणि जाळीवर मधुमालती. मधुमालती कोणी लावली यावर अजून एकमत नाही. शेवगा त्यांचा आहे, शेंगा पडतात आमच्याकडे. आणि इकडे पडली ती आमची, हा नियम मात्र दोन्ही घरांना मान्य आहे. पर्वतीच्या पायथ्याच्या या आमच्या सोसायटीत राजकारणावर जे काही निर्णय होतात, ते याच कुंपणावर, सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान होतात.

२०२३ चा मे महिना. कर्नाटकचा निकाल शनिवारी लागला होता. रविवारी सकाळी मी अंगणात खाटेवर प्लॅस्टिक अंथरून सोऱ्यातून कुरडया पाडत होते. गव्हाचा चीक गरम असतानाच घालाव्या लागतात, त्यामुळे मान वर करायला फुरसत नव्हती. तेवढ्यात जाळीवरून पेपर फडफडला.

"वहिनी, एकशे पस्तीस!"

"कुरडया? नाही हो नाना, अजून वीससुद्धा झाल्या नाहीत."

"काँग्रेसच्या जागा हो. बंगळूरला. आता बघा, पुण्याची पोटनिवडणूक लागणार आणि फेब्रुवारीतल्या कसब्याच्या पोटनिवडणुकीची दुसरी आवृत्ती निघणार."

नानांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि दर निवडणुकीला मतपेट्यांपासून मशिनपर्यंत सगळ्या ड्यूट्या केल्या. त्यामुळे निवडणूक म्हटली की त्यांना उमेदवाराआधी कलम आठवतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १५१अ. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची. सभागृहाची मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर सुटका. त्यांनी जाळीच्या खांबावर बोटाने हिशोब मांडला. "आपले खासदार गिरीश बापट गेले २९ मार्चला. लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत. म्हणजे वर्ष आणि वर अडीच महिने. सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. पळवाट नाही."

"एक पळवाट आहे," नानांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून ताकाची वाटी घेऊन आल्या. ताक माझ्यासाठी होतं, वाक्य नानांसाठी. "घ्यायचीच नाही."

नानांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांना तिकीटवाटपाची घाई होती. खरं म्हणजे सगळ्या शहरालाच होती. बापटांना जाऊन आठवडाही झाला नव्हता तेवढ्यात भाजपच्या शहराध्यक्षांचे, जगदीश मुळीकांचे, 'भावी खासदार' असे फलक झळकले होते. वाढदिवस होता म्हणे, आणि समर्थकांचा उत्साह. समर्थकांच्या उत्साहाला पुण्यात दिवसवार काही कळत नाही, हे मान्य. पण दहाव्याची तरी वाट बघायची.

"मुळीक नाहीत," नाना म्हणाले. "वडगाव शेरीत २०१९ ला पडलेले. मी सांगतो, मोहोळ. कोथरूडचे, महापौर होते, मुळशीच्या मातीतले, कुस्ती खेळलेले. करोनात महापौर म्हणून रोज टीव्हीवर होते, घराघरात चेहरा गेलाय."

"घरातलंच कोणी तरी द्यावं," मी म्हटलं. "बापटांची सून आहे ना, स्वरदा. सांगलीला नगरसेविका होती लग्नाआधी. बोलते चांगलं."

माझ्या या वाक्यावर काकूंनी वाटी कुंपणावर ठेवली. वाटी ठेवली म्हणजे प्रकरण लांबणार.

"घरातलं? टिळकांच्या घरात दिलं का? कसब्याच्या आमदार मुक्ताताई डिसेंबरात गेल्या. तिकीट मागत होते घरचे. नाही दिलं. आणि त्याच दिवशीच्या मतदानाला चिंचवडला गेलेल्या आमदार जगतापांच्या बायकोला दिलं, ती आलीसुद्धा निवडून. म्हणजे मुळा नदीच्या पलीकडे सहानुभूती चालते आणि अलीकडे चालत नाही, असं आहे का?"

यावर नानांकडे उत्तर नव्हतं, कारण पक्षाकडेही नव्हतं. कसब्यात तेव्हा फलकच लागला होता, की कुलकर्णींचा मतदारसंघ गेला, टिळकांचा गेला, आता नंबर बापटांचा का? मेधाताई कुलकर्णींच्या कोथरूडमध्ये २०१९ ला कोल्हापूरहून चंद्रकांतदादा आले होते, त्याची ती ठसठस. ब्राह्मण मतदार रुसले, की रुसल्यासारखे दाखवले, यावर आमच्या सोसायटीत तीन घरांत अजून अबोला आहे. निकाल काय तो लागला. भाजपचे रासने पडले, काँग्रेसचे रवींद्र धंगेकर दहा हजारांहून जास्त मतांनी आले. 'हू इज धंगेकर' असं प्रचारात चंद्रकांतदादा विचारून बसले होते. त्यांना सगळ्या पुण्याने उत्तर दिलं, तेही इंग्रजीतच.

त्या प्रचारातलं एक चित्र मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. केसरीवाड्यात बापटांना चाकाच्या खुर्चीवरून आणलं होतं. नाकात प्राणवायूची नळी, बोटाला ऑक्सिमीटर. जो माणूस कसब्यातून पाच वेळा सलग आमदार झाला, त्याला तसं आणून बसवलं. नाना म्हणतात, ते स्वतःच्या हट्टाने आले. असेलही. मला ते बोट दिसतं आणि पुढचं बोलवत नाही.

"पण गंमत बघा," नाना जुन्या आठवणीत शिरले, "हेच बापट पहिल्यांदा कसब्यात उभे राहिले ते पोटनिवडणुकीलाच. अण्णा जोशी खासदार झाले, जागा रिकामी झाली. आणि पडले! काँग्रेसचे वसंत थोरात आले. मग पंच्याण्णवपासून जे बसले ते २०१९ ला दिल्लीला जाईपर्यंत. तिथेही सव्वातीन लाखांच्या फरकाने."

"त्या सव्वातीन लाखांचं मला सांगू नका," काकू म्हणाल्या. "त्या वेळी निम्मं पुणं घरी झोपलं होतं. पन्नास टक्केसुद्धा मतदान नव्हतं. तुम्हीच ड्यूटीवरून येऊन सांगितलं होतं." (नाना २०१९ ला ड्यूटीवर नव्हते, कधीच निवृत्त झाले होते. पण आकडा बरोबर होता, म्हणून आम्ही दोघांनीही दुरुस्ती केली नाही.)

तेवढ्यात मावशी आल्या भांड्यांना. त्या राहतात जनता वसाहतीत, माहेर कसब्यात. म्हणजे या संपूर्ण चर्चेत फेब्रुवारीत खरोखर मतदान झालेल्या भागाशी संबंध असलेल्या त्या एकट्याच. नानांनी त्यांना विचारलं, लोकसभेला धंगेकर उभे राहिले तर?

"चांगलंय की. माणूस गाडीवर येतो. मयताला येतो, बारशाला येतो," मावशी म्हणाल्या आणि बादली उचलली. "पण नाना, खासदार नळाला पाणी सोडतो का? मग आमच्या गल्लीचं कुणाला सांगायचं? नगरसेवक हाय का आता? त्यो बी म्हणतो, मी माजी झालो."

बादलीचा आवाज होईपर्यंत कुंपणावर कोणी बोललं नाही. कारण मावशींचं खरं होतं. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक. महापौर नाही, नगरसेवक नाही, आणि आता खासदारही नाही.

"मला तर खासदारच हवाय," काकू म्हणाल्या. "आम्हाला काशीला जायचंय. ज्ञानगंगा एक्स्प्रेसचं वेटिंग अडतीस आहे. कोट्यातून करायचं तर खासदाराचं पत्र लागतं. बापट असते तर कसब्यात जाऊन आणलं असतं. आता कोणाच्या लेटरहेडवर आणू? भावी खासदाराच्या?"

"राज्यसभेच्या वंदना चव्हाण आहेत की पुण्यातच," नाना म्हणाले.

"त्या काय माझ्या मतावर आल्यात का, हक्काने मागायला?"

राज्यशास्त्राच्या पुस्तकात दोन सभागृहांतला फरक इतका नेमका सांगितलेला मी तरी वाचलेला नाही.

पैज त्याच सकाळी लागली. नानांचं मोहोळ, माझं बापटांची सून. हरणाऱ्याने देवगडची पेटी द्यायची. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "माझं तिसरंच. निवडणूकच लागणार नाही. ज्यांनी महापालिकेची लावली नाही, ते ही कशाला लावतील? हरायची भीती असेल तर परीक्षा पुढे ढकलायची. तुमच्या शाळेतली पोरं काय करायची?" नाना हसले. मीही हसले. कायदा होता ना.

पुढचे पंधरा दिवस कुंपणाला भारीच मजा होती. राष्ट्रवादीच्या अजितदादांनी, पुण्यात ज्याची ताकद जास्त त्याला जागा, असा सूर लावला. म्हणजे काँग्रेसची वर्षानुवर्षांची जागा राष्ट्रवादीला हवी. काँग्रेसवाले चिडले. नानांनी गाडगीळांपासून कलमाडींपर्यंत खासदार मोजून दाखवले, मध्ये एसेम आणि नानासाहेब गोऱ्यांना भरपूर आदराने थांबले, आणि 'पुण्याने समाजवादीसुद्धा पाठवलेत' असं जणू ती आपलीच कामगिरी असल्यासारखं सांगितलं. काँग्रेसकडून मोहन जोशी की धंगेकर, यावर एक अख्खी सकाळ गेली. भाजपकडून संजय काकडेंचं नाव वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने आणलं. तो लातूरचा, त्याचं मतदानच इथे नाही, म्हणून त्याचं मत चहाबरोबर घेतलं आणि सोडून दिलं. मे संपता संपता चंद्रपूरचे बाळू धानोरकर गेले. राज्यातला काँग्रेसचा लोकसभेतला एकुलता एक खासदार. म्हणजे राज्यात दोन जागा रिकाम्या. नाना म्हणाले, आता तर दोन्ही एकदम लावतील, खर्च वाचेल.

जुलैच्या दोन तारखेला अजितदादांनी सत्ताधाऱ्यांबरोबर जाऊन शपथ घेतली, आणि कुंपणावरचा सगळा हिशोब पुसला गेला. ज्यांनी जागा मागितली तेच पलीकडे. नानांनी नवा हिशोब मांडायला घेतला होता, पण पाऊस सुरू झाला आणि जाळीवरून गप्पा मारायची सोय राहिली नाही.

सप्टेंबर संपला. कोणी काही बोलेना. भावी खासदारांचे फलक गणपतीच्या शुभेच्छांच्या फलकांत मिसळून गेले. एक पुणेकर उच्च न्यायालयात गेला तेव्हा कुठे कळलं, की निवडणूक आयोगाने पोटनिवडणूक न घेण्याचं आधीच ठरवून टाकलंय. कारण काय, तर यंत्रणा इतर निवडणुकांत गुंतलीय, आणि निवडून आलेल्याला काळही थोडाच मिळेल. १३ डिसेंबरला न्यायालयाने आयोगाला चांगलंच सुनावलं, ताबडतोब घ्या म्हणाले. नाना त्या दिवशी स्वेटर घालून, कानटोपी घालून कुंपणावर आले. "१५१अ!" एवढंच म्हणाले. गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळल्यावर पोराचा चेहरा होतो तसा चेहरा झाला होता. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. त्या दिवशी नाना फिरकले नाहीत. काकूंनी मात्र मुद्दाम येऊन शेवग्याची फुलं झाडली.

मग २०२४ ची मोठी निवडणूक आली. मेधाताई राज्यसभेवर गेल्या, भाजपने मोहोळांना दिलं, काँग्रेसने धंगेकरांना, आणि मनसे सोडलेले वसंत मोरे वंचितकडून. १३ मेला मतदान, ४ जूनला निकाल. मोहोळ १ लाख २३ हजारांनी आले. चौदा महिन्यांनी पुण्याला खासदार मिळाला, आणि आठवड्याच्या आत तो राज्यमंत्रीही झाला.

"वहिनी, पेटी!" नाना सकाळी सातला हजर.

"पेटी कसली?" काकू मागून. "पैज पोटनिवडणुकीवर होती. ही मोठी निवडणूक. पोटातली लागलीच नाही. जिंकले मी."

"पण माणूस तोच ना आला!"

"माणसावर नव्हती, निवडणुकीवर होती. तुम्हीच गणिताचे मास्तर. प्रश्न नीट वाचायचा."

निवाडा माझ्याकडे आला. मी हरले होतेच, त्यामुळे निःपक्षपाती होते. पैसे नानांनी आणि मी निम्मे निम्मे घातले. देवगडचा हंगाम सरलेला होता, म्हणून जुन्नरच्या हापूसवर भागवलं. काकूंनी त्याबद्दल एक वाक्य ऐकवलंच. नवीन खासदारांना कोणतं खातं मिळालं, हे त्यांनी पेटी घेतानाच विचारलं.

"सहकार आणि नागरी हवाई वाहतूक," नाना म्हणाले.

"हवाई? रेल्वे नव्हती का शिल्लक?"

पेटी कुंपणावरून पलीकडे देताना गवतातला एक आंबा घरंगळला आणि आमच्या बाजूला मधुमालतीच्या मुळाशी पडला. मी तो उचलून पदराला पुसला. शेवग्याच्या नियमाने हा आमचा, असं म्हटलं. काकू पेटी कमरेवर घेऊन थांबल्या आणि नानांकडे बघू लागल्या. नानांनी चष्मा लावला आणि म्हणाले, यावर कलम बघावं लागेल.