पुढील स्टेशन काशीद

मुंबईच्या लोकलची स्टेशनं आठवून टाइप करायची, एवढाच तो खेळ. नाव जमलं की नकाशावर ठिपका उजळतो आणि टक्केवारी वाढते. काशीदला आमच्या होमस्टेवर शनिवार-रविवार राहायला आलेल्या एका कॉलेजकुमाराने तो दाखवला आणि वर म्हणाला, "काका, तुम्हाला नाही जमायचं." सगळी नोकरी लोकलच्या दांडीला लटकून काढलेल्या माणसाला!

चर्चगेट ते विरार मी एका दमात म्हटलं, रामरक्षा म्हणावी तसं. २०१६ चं राम मंदिर सोडलं नाही, आणि पुढे ठाणे-वाशी मार्गावर २०२४ चं दिघा गावसुद्धा. पोरगा "भारी!" म्हणाला. तेवढ्यावर मी शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांनाही बोलावून घेतलं.

आता चिंचपोकळी आधी की करी रोड? खेळाला क्रमाशी देणंघेणं नाही, मला आहे. यावरून चांगली शिकलेली माणसं विंडो सीट सोडून भांडताना पाहिली आहेत. सीएसएमटीहून निघालात की भायखळा, मग चिंचपोकळी, मग करी रोड. चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला चिंचपोकळीला उतरायचं. डुलकी लागली तर करी रोड. हे मी पाहुण्यांना दोनदा समजावलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

"तुम्ही उतरलात का हो तिथे कधी?" ही आतून नारळ खवता खवता म्हणाली.

नाही उतरलो. माझी फास्ट लोकल. ती चिंचपोकळीला थांबत नाही. माझे वडील मात्र रोज कुर्ल्याहून तिथे उतरायचे, गिरणीत जायला. १९८२ चा संप लागला आणि ते काशीदला आले ते कायमचे. स्टेशनातून बाहेर पडून ते डावीकडे वळत की उजवीकडे, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. नकाशातला ठिपका मात्र झोकात उजळला.

"काका, तुमचं स्टेशन कुठलं?" पोराने विचारलं. इथे माझं डोकं फिरतं. कर्जत, खोपोली, पनवेल, उरण. लोकलची चार टोकं आमच्या रायगड जिल्ह्यात. आणि अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्याला रूळ आला तो थळच्या खत कारखान्यापर्यंत, तोही मालगाडीचा. युरियाला रेल्वे आहे, आम्हाला एसटी! तरी फोनवर प्रत्येक पाहुण्याचा पहिला प्रश्न, "स्टेशनपासून चालत किती?"

तेव्हा येणार असाल तर रोह्याला उतरा आणि पुढे गाडी करा. नाहीतर गेटवेहून मांडव्याची लाँच, तिथून अलिबाग, आणि मग रेवदंड्यावरून जाणारी मुरूडची एसटी. पावसाळ्यात लाँच बंद असते.