गिअरबॉक्सचं तेल अमर आहे!

जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हा पाण्याचे नमुने थेट पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांनी हा रंग आणला, असं निदान झालं. त्याच लोणार तालुक्यातल्या बीबीत कुणाच्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं लालभडक तेल काळं पडलं, तर नमुना घ्यायला कुणी येत नाही. त्याची गरजही नाही म्हणा. शोरूमच्या काउंटरवर निदान आधीच तयार असतं: “साहेब, हे लाइफटाइम तेल आहे. हात लावायचं काम नाही.”

जगातल्या अनेक महागड्या गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी मात्र वेगळंच सांगते. तिच्या मते तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला, फार तर आठ वर्षांनी बदलावं. म्हणजे गिअरबॉक्स घडवणाऱ्याला तेल मर्त्य वाटतं आणि तोच गिअरबॉक्स गाडीत बसवून विकणाऱ्याला ते अमर वाटतं. हे अमरत्व साधारण वॉरंटी संपेपर्यंत टिकतं, एवढं नोंदवून ठेवायला हरकत नाही. पुढे झटके बसू लागले की तोच काउंटर नव्या गिअरबॉक्सचं एस्टिमेट हातात ठेवतो.

या तेलाच्या नशिबी कष्ट फार. इंजिनाची ताकद चाकांकडे पोचवणं, क्लचवर दाब देणं, वंगण होणं आणि गारवा राखणं ही सगळी कामं त्या एकट्यानं करायची. उष्णतेनं ते विटतं, क्लचची झीज त्यात मिसळते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत त्यात देवमाशाचं तेल मिसळत असत. बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांची झोप उडाली. देवमासे वाचले. गिअरबॉक्स बरेच गेले.

तर बीबीच्या गाडीवाल्यापुढे दोन वाटा. पहिली जालन्याला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला जाते. तिथे एसीची गार हवा, फुकट कॉफी आणि जॉब कार्ड. तेल, वॉशर, फिल्टर, लेबर, कन्झ्युमेबल्स आणि वर १८ टक्के जीएसटी. ‘फ्लशिंग’ नावाचं यंत्रस्नानही सुचवलं जातं. कालपर्यंत अमर असलेल्या तेलाचा अंत्यविधी इतका खर्चिक का, हे विचारायचं नसतं.

दुसरी वाट अंगणातून, गाडीच्या पोटाखाली जाते. तिचा पुरोहित म्हणजे सुट्टीला आलेला, मोबाइलवर व्हिडिओ पाहून तयार झालेला भाचा. “मामा, चार बोल्टांचं काम आहे, कशाला पैसे घालता?” मामा जॅक लावतात. भाचा नट खोलतो. इंजिनाचं तेल बदलायला खोललेला हा नट कधी कधी गिअरबॉक्सचा निघतो, आणि आधीच भरलेल्या इंजिनात वरून आणखी चार लिटर जातं. ही चूक जगभरचे हौशी मिस्त्री करत आले आहेत. बीबीनं मागे का राहावं?

त्याहून मोठी गंमत म्हणजे गाडी कुठल्या जातीची ऑटोमॅटिक आहे, हेच अनेकांना ठाऊक नसतं. २०१४ मध्ये मारुतीनं सेलेरिओबरोबर एएमटी आणली आणि स्वस्तातलं ऑटोमॅटिक गावोगाव पोचलं. एएमटीत गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. त्यात साधं गिअर ऑइल लागतं, यंत्राच्या हायड्रॉलिकसाठी थोडं वेगळं. ऑटोमॅटिकच्या इतर जातींत टॉर्क कन्व्हर्टरला एटीएफ नावाचं तेल, सीव्हीटीला तिचं स्वतंत्र, डीसीटीला आणखी निराळं. दुकानात जाऊन “ऑटोमॅटिकचं तेल द्या” म्हणणं म्हणजे मेडिकलमध्ये जाऊन “तापाच्या माणसाची गोळी द्या” म्हणणं. गोळी मिळते.

योग्य तेल आणलं तरी हिशेब बाकी राहतो. नट खोलून सगळं तेल येत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दडून बसतं. एका वेळी ४० टक्के निघालं, तर तीनदा काढून भरल्यावर नवं तेल ७८ टक्के होतं. पातळी बघायला हल्ली डिपस्टिकही नसते. इंजिन चालू ठेवून, ठरलेल्या तापमानाला, बऱ्याच गाड्यांत चाळीस अंशांच्या आसपास, लेव्हलचा नट खोलायचा असतो. मे महिन्यात बीबीच्या उन्हात उभी गाडी चालू न करताच तिथवर पोचते, हा विदर्भाला मिळालेला एकमेव तांत्रिक लाभ!

कायदा कुणाच्या बाजूनं आहे? कागदावर तरी गाडीवाल्याच्या. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मिस्त्रीला मिळू द्यायची नाहीत, असा त्यांचा कारभार होता. केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगानं बजावलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टलही काढलं. काउंटरवर तेलाचा डबा मागितला, तर मात्र अजूनही “गाडी घेऊन या” हेच ऐकू येतं.

तेव्हा निकाल असा: वॉरंटीत असलेली गाडी शोरूमला न्यावी आणि तेल अमर असल्याचं त्यांच्याकडून लेखी मागावं, मागताच ते मर्त्य होण्याची शक्यता बरीच असते. वॉरंटी संपलेली गाडी खड्डा किंवा रॅम्प आणि स्कॅनर असलेल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे द्यावी. भाच्याला पंक्चर काढायला सांगावं. जुनं तेल नाल्यात किंवा कुंपणाच्या खांबांवर ओतू नये. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी तेल उत्पादकांवर आली आहे. आणि डबा फोडण्यापूर्वी त्यावरचं स्पेसिफिकेशन गाडीच्या मॅन्युअलशी ताडून पाहा, बिल जपून ठेवा.