अदखलपात्र

संगमनेरच्या कोर्टाबाहेर चहा पिताना आमच्या वकीलसाहेबांना विचारलं, "बुलढाण्याच्या आमदारांची केस तुमच्याकडे आली असती तर?"

प्रसंग सगळ्यांनी पाहिलेला. ८ जुलै २०२५ ची रात्र, मुंबईचं आकाशवाणी आमदार निवास, टॉवेल-बनियानवर खाली उतरलेले संजय गायकवाड, आंबलेलं वरण आणि कँटीनमधल्या माणसाच्या तोंडावर ठोसा. अख्ख्या महाराष्ट्राने दखल घेतली. मग पोलिसांनीही गुन्हा नोंदवला. अदखलपात्र.

वकीलसाहेबांनी बशी खाली ठेवली. "बचाव आहे ना. न्याय संहिता, कलम १२२. गंभीर आणि अचानक चिथावणी. फार तर महिनाभर कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मार चिथावणी देणाऱ्यालाच बसला पाहिजे. इथं चिथावणी दिली वरणाने."

"म्हणजे?"

"ठोसा वरणाला मारायला हवा होता."

तसं पाहिलं तर शिक्षा आधी वरणालाच झाली. अन्न व औषध प्रशासनाने लगोलग तूरडाळीचे नमुने नेले, कँटीनवाल्याचा परवाना निलंबित केला. एवढ्या वेगाने आमच्याकडे रेशनकार्डावर सुनेचं नाव चढत नाही.

मग मी वकीलसाहेबांना आणखी एका लोकप्रतिनिधीची केस सांगितली. अमेरिकेत लॅरी क्रेग नावाचे सिनेटर होते. २००७ साली मिनियापोलिसच्या विमानतळावर, स्वच्छतागृहात मधल्या आडभिंतीखालून शेजारच्याकडे पाय सरकवला म्हणून पोलिसाने धरलं. खुलासा काय, तर माझी बसायची पद्धतच ऐसपैस. गैरवर्तनाचा गुन्हा गुपचूप पोस्टाने कबूल केला, दंड भरला. बातमी फुटल्यावर म्हणाले, घाबरून सही केली, कबुली परत द्या. कोर्टाने दिली नाही.

"अडाणी माणूस," वकीलसाहेब म्हणाले. "कबुली कुणी कोर्टात देतं का? ती कॅमेऱ्यासमोर द्यायची."

गायकवाडांनी तेच केलं. केल्याचा पश्चात्ताप नाही, हे चॅनेलवाल्यांना ठणकावून सांगितलं. पुढं विरोधक टॉवेल-बनियान चढवून विधान भवनाच्या पायऱ्यांवर उभे राहिले. आमदारांचा बचाव कुठला कायदेपंडित करील माहीत नाही, पण बनियानचा प्रचार मात्र फुकटात झाला.

दुपारी आम्ही खानावळीत बसलो. वरण आलं. वकीलसाहेबांनी पहिला घास घेतला, थांबले, वाटी नाकाशी नेली. मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत होतो. पण अंगात काळा कोट होता, टॉवेल घरी राहिला होता.

त्यांनी मुकाट्याने लिंबू मागितलं.