अश्मयुगाचे तपासनीस

सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे इंग्लंडला जाणाऱ्या आजोबांमध्ये एक जात अशी असते, की तिला नातवाला गोष्ट वाचून दाखवायला सांगू नये. हे आजोबा गोष्ट वाचत नाहीत, तपासतात. नोकरीभर ऑडिटमध्ये दुसऱ्यांच्या व्हाउचरांवर चालवलेली लाल पेन्सिल ते मेतकुटाच्या पुडीशेजारी ठेवून सोबत नेतात.

तिकडच्या प्राथमिक शाळांत २०१४च्या अभ्यासक्रमापासून अश्मयुग शिकवतात. त्यामुळे नातू सात-आठ वर्षांचा झाला की घरात गुहेतल्या पोरांच्या विनोदी गोष्टी येऊन पडतात आणि आजोबांना काम मिळतं.

जॉन ग्रँटचा लिटलनोज हा निअँडर्थल पोरगा. त्यानं मॅमथचं पिल्लू पाळलंय. आजोबा तिथंच अडतात.

"निअँडर्थल मॅमथ मारून खात. पाळल्याचा पुरावा काय?"

"आजोबा, पण तो त्याचा फ्रेंड आहे ना!"

"फ्रेंड असला म्हणून काय झालं? कागद पाहिजे."

पुस्तकात माणसाचं पोर आणि डायनोसॉर एका पानावर भेटले, तर त्या रात्री गोष्ट बंद. डायनोसॉर गेले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आणि आपण आलो फार तर ३ लाख वर्षांपूर्वी. "एवढी तफावत मी पास करणार नाही," असं म्हणून आजोबा दिवा घालवतात. स्वयंपाकघरातून लेक ओरडते, "बाबा, गोष्ट आहे हो ती!"

पण त्यांना खरं छळलं ते रेमंड ब्रिग्जनं. त्याचा 'अग' नावाचा मुलगा दगडाची विजार घालतो आणि आईबापांकडे मऊ विजार मागतो. आजोबांनी पेन्सिलीला टोक काढलं. दगडात नाडी ओवणार कुठून, हा मुद्दा तर तयारच होता. पाहतात तो काय, लेखकानं स्वतःच तळटिपा देऊन आपल्या कालविसंगती दाखवून दिलेल्या! आरोपीच आरोपपत्र लिहून देऊ लागला तर तपासनिसानं करायचं काय? त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

गंमत अशी, की या पुस्तकांतली सगळ्यात मोठी विसंगती त्यांच्या पेन्सिलीखाली कधीच येत नाही. आंघोळीवरून आईचा तगादा, बापाचं 'आमच्या वेळी' हे पालुपद, पोराची रोजची नवी मागणी, म्हणजे आपलंच घर उचलून गुहेत नेलेलं असतं आणि हसू येतं ते त्याचंच. पण गुहेतली आई करवादली, की आजोबा मान डोलावतात. "हे बरोबर आहे." इथं कागद लागत नाही.

मग एकदा नातवानं आणलेल्या पुस्तकात मॅमथ आणि पिरॅमिड एकाच चित्रात निघाले. आजोबांनी समाधानानं काट मारली. नातू शांतपणे म्हणाला, "मिस म्हणाली, रँगल आयलंडवर मॅमथ होते तेव्हा." आजोबांनी फोनवर शोधलं. सैबेरियाच्या उत्तरेकडच्या त्या बेटावर सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत मॅमथ होते आणि गिझाचा मोठा पिरॅमिड त्याच्या कितीतरी आधी बांधून झाला होता. आजोबा दोन दिवस गप्प होते.

तिसऱ्या दिवशी बागेत दुसरे मराठी आजोबा भेटले. यांनी त्यांना बाकावर बसवलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काय हो, पिरॅमिड बांधले तेव्हा मॅमथ होते की नव्हते?"

"छे! कसे असतील?"

खिशातून पेन्सिल बाहेर आली.