वीणा नव्हे, ड्रायव्हर

बुलढाणा जिल्ह्यात लोणारला उल्कापाताने पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा आहे. मात्र ज्यात पांढरा चेंडू ढकलला की लोक टाळ्या वाजवतात, तो सव्वाचार इंचाचा खड्डा जिल्ह्यात शोधून सापडत नाही. खामगावच्या एका निवृत्त कापूस व्यापाऱ्याची, म्हणजे भाऊंची, नेमकी हीच पंचाईत झाली. परदेशातल्या जावयाने गोल्फचा सेट धाडला होता. नियमाने बाळगता येतात तेवढ्या, पुरत्या १४ काठ्या. सराव चाले तो हरभरा निघालेल्या वावरात. एप्रिलमधली काळी जमीन ती. भेगेत गेलेला चेंडू पुढच्या वखरणीलाच वर येई.

लोणारचा खड्डा बसाल्टमधला. चंद्रावरच्या विवरांशी त्याचं साम्य म्हणून शास्त्रज्ञ तो अभ्यासतात. त्या चंद्रावरही ६ फेब्रुवारी १९७१ रोजी अंतराळवीर ॲलन शेपर्डने गोल्फचे दोन चेंडू मारून घेतले, तेही एका हाताने, कारण अंगातला पोशाख दुसरा हात वळू देईना. तिथे त्याला ‘मेंबर आहात का?’ असं कोणी विचारलं नाही.

मुंबईत विचारतात.

पुतण्याच्या नेरुळच्या घराची वास्तुशांत ठरली आणि भाऊंनी आहेराच्या आधी मैदानांची यादी केली. पहिलं ताडदेवचं विलिंग्डन क्लब. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी १९१८ मध्ये हिंदी आणि युरोपियन, दोघांसाठी काढलेलं. दुसरं चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी, १९२७ चं. तिसरं कुलाब्याच्या टोकाचं यू. एस. क्लब, जिथे वाऱ्याने चेंडू समुद्राला अर्पण होण्याची सोय आहे.

शेगावला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये चढताना खांद्यावरच्या लांब पिशवीकडे बघून एका वारकऱ्याने हात जोडले. “वीणा का, माउली?” भाऊ “हो” म्हणाले. गोल्फ समजावण्यापेक्षा ते सोपं होतं. शिवाय तेवढ्यावर खिडकीची जागा मिळाली.

नेरुळला पोचल्यावर फोन सुरू झाले. या जुन्या क्लबांत खेळायचं तर मेंबराचा पाहुणा म्हणून जायचं, हे कळताच भाऊंच्या यादीचा क्रमच फिरला. कुठलं गवत चांगलं, हा प्रश्न मागे पडून कुठे कोणाचा साडू आहे, हा पुढे आला. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मेव्हण्याच्या ओळखीचा एक मेंबर निघाला, पण तो महाबळेश्वरला. पलीकडून कपड्यांचा नियमही कळला: जीन्स नको, शर्टाला कॉलर हवी. भाऊंच्या बॅगेत चार नेहरू शर्ट होते. नेहरू शर्टाला सगळं असतं, कॉलर नसते.

पुतण्याने आणखी एक पर्याय सांगितला. चेंबूरच्या मैदानावर कॅडीचं, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्या वाहण्याचं, काम करणारी पोरं आपल्या वस्तीच्या गल्लीबोळांत गोल्फ खेळत आली आहेत. लोखंडी सळई वाकवून काठी, प्लॅस्टिकचा चेंडू आणि जिथे मोकळी जागा तिथे भोक. परदेशी छायाचित्रकारांनी येऊन त्यांचे फोटो काढले. भाऊंच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, हा खेळ एकदम पटला. भाऊंना नाही, कारण तिथे १४ काठ्या काढल्या असत्या तर हसं झालं असतं.

शेवटी खारघर ठरलं. डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने केलेलं मैदान, पैसे भरून खेळता येणारं आणि पुतण्याच्या घरापासून जवळ. कॉलर पुतण्याची, दोन नंबर घट्ट.

“किती वावर हाय हे?” काकूंनी विचारलं.

“शंभर हेक्टरच्या वर. म्हणजे अडीचशे एकर.”

“आन् पेरत काहीच नाही?” काकूंनी बोटं मोजली. “एकरी आठ धरले तरी दोन हजार क्विंटल सोयाबीन झालं असतं. आन् पाणी गवताले देऊन राह्यले!”

भाऊंनी उत्तर न देता ड्रायव्हर ही काठी उगारली, कमरेतून वळले आणि घुमवली. चेंडू टीवर जागच्या जागी राहिला. पुढे उडालं ते हातभर लांबीचं हिरवं ढेकूळ. कॅडीने ते मुकाट्याने उचलून आणलं, खळग्यात बसवलं आणि बुटाने दाबलं.

काकूंनी मान डोलावली. “पोरगा नांग्या चांगल्या भरते. तुमचं चालू द्या वखरणं.”